भेटीचं रडणं

"हलू नको गं," निता म्हणाली. रिबीन तिच्या दातांत होती, त्यामुळे शब्द निम्मेच बाहेर आले.

शितलची मान हलत नव्हती, हलत होते ते पाय. वसतिगृहाच्या पायरीवर बसून ती टाचा फरशीवर घासत होती आणि डोळे फाटकावर लावून होती. आज रविवार, शिबिरातला भेटीचा दिवस. उपासना आटोपली की आईबापांना आत सोडायचं, असं ठरलेलं होतं. त्यामुळे सकाळपासून सगळ्याच पोरींचा जीव फाटकात अडकला होता. उपम्याची पातेली निम्मी तशीच उरली होती.

"दादी येईन का हो, ताई?"

"येईल. आणि आल्यावर धावत सुटायचं नाही. चालत जायचं, नमस्कार करायचा, त्यांना सावलीत बसवायचं."

"चालत," शितल म्हणाली. मग ओठांतल्या ओठांत पुन्हा, "नमस्कार. सावली."

पोरगी चलाख होती. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. निताला तिचं कौतुक वाटत होतं आणि थोडं स्वतःचंही.

कळमनुरीच्या बाहेर, नांदेडच्या रस्त्याला लागून ख्रिस्ती मंडळीचं जुनं वसतिगृह आहे. मे महिन्यात ते रिकामं पडतं, तेव्हा तिथे किशोरवयातल्या मुलामुलींचं शिबिर भरतं. सकाळी ढोलकी-झांजेवर गाणी, मग उपासना, दुपारी चित्रं नाहीतर नाटकाची तालीम, ऊन उतरल्यावर खोखो. शिबिरप्रमुख योगेश सर परभणीचे. त्यांचा आवाज असा होता की लाउडस्पीकर आणायची गरजच पडत नसे. निता नांदेडच्या एका शाळेत शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले काही दिवस दरवर्षी इथे यायची. मानधन काही नव्हतं. मिळायचं ते घामोळं, दुपारचं सरबत आणि प्रार्थनेच्या वेळी एक डोळा उघडा ठेवून बसणारी ही कार्टी. तिला ते आवडायचं. आठवीनववीतल्या पोरी जगाला शिंगावर घ्यायला निघालेल्या असतात आणि संध्याकाळी हळूच येऊन विचारतात, ताई, माझे केस बांधून देता का?

मुलींच्या सुगरण गटाची ती ताई. त्या गटात शितल आली ती पुनमच्या बोटाला धरून. पुनम मंडळीतल्या घरची, कळमनुरीची. शितल तिच्याच वर्गात, पण रस्त्यापासून आत असलेल्या बंजारा तांड्यावरून सायकलने शाळेत येणारी. पुनमच्या वडिलांनी तांड्यावर जाऊन विचारलं, तेव्हा शितलची दादी अनुसयाबाई म्हणाली होती म्हणे, सुट्टीत ढोरांमागं हिंडण्यापरीस चार पोरींत राहील, जाऊ द्या. शिबिरात घरचा देव कोणता हे कुणी विचारत नसे. गाणी सगळ्यांना सारखीच आणि उपमाही.

पहिल्या दिवशी दुपारी शितल खाटेवर पोटाशी पाय घेऊन पडली होती आणि भिंतीकडे तोंड करून आपल्या बोलीत पुटपुटत होती, पोट दुखतंय, सांगू कुणाला. निता शेजारून जात होती. ती थांबली, स्वयंपाकघरातून ओवा आणि गरम पाणी घेऊन आली. शितलने ओवा चावला, पाणी प्यायली आणि पेल्याच्या कडेवरून निताकडे बघत राहिली. मी तर मराठीत बोललेच नव्हते, असं त्या बघण्यात होतं. निता पेला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी शितलने पंगतीच्या या टोकावरून त्या टोकाच्या पुनमला हाक मारली. तांड्यावर हाक मारतात तशी, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला ऐकू जाईल अशी. मुलांच्या पंगतीतून कुणीतरी तशीच हाक परत केली, मग दुसऱ्याने, मग सगळा हॉल खिदळला. शितलही हसली, पण ते हसू घशातच राहिलं. भात तसाच ताटात ठेवून ती उठली.

त्या संध्याकाळी निताने तिला लिंबाच्या झाडाखाली बोलावून घेतलं.

"इथे तांड्यातलं बोलणं नको. आवाज हळू ठेवायचा. हात असे सरळ. बाकीच्या पोरी कशा वागतात ते बघायचं आणि तसंच करायचं."

"काहून?"

"हसतात."

"तुमाला कसं माहीत?"

"मला माहीत आहे."

शितलने पेल्याच्या कडेवरून बघितलं होतं तसंच पुन्हा एकदा बघितलं.

निताला खरोखरच माहीत होतं. कनेरगाव नाक्याच्या पुढच्या एका तांड्यावरचा थावरा हा तिचा बाप. आई लवकर गेली, म्हणून त्याने पोरीला लांबच्या वसतिगृहात ठेवली. पहिल्या वर्षी तिथल्या मुलींनी तिच्या बोलण्याची नक्कल केली. दुसऱ्या वर्षी नक्कल करण्यासारखं तिच्यात काही उरलं नाही. पुढे शिक्षण झालं, साळव्यांच्या घरात लग्न झालं, थावराही वारला. तांड्यावर जायचं कारण संपलं. तिने काही लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. नांदेडच्या शाळेत काय, या शिबिरात काय, ती साळवे मॅडम होती आणि तिचं मराठी इतकं स्वच्छ होतं की योगेश सर स्वागताची पाटी लिहायची झाली की तिलाच बोलवायचे.

वेणी घालून झाली. निताने शितलची खांद्यावरची ओढणी सारखी केली आणि तिला समोर उभं करून पाहिलं. लाल रिबिनी, पावडर, इस्त्रीचा ड्रेस पुनमचा. आता कुणी हसलं नसतं.

उपासना झाली. फाटक उघडलं आणि अंगण माणसांनी भरलं. "सलाम, सलाम" करत आया डबे उघडू लागल्या. कुणी शेवया आणल्या होत्या, कुणी कोंबडी. मोठी मुलं आईने गालाला हात लावला की इकडेतिकडे बघत मान मागे घेत होती आणि डब्यावर मात्र तुटून पडत होती. पुनमच्या आईने शितललाही बोलावलं, पण ती गेली नाही. पायरीजवळ उभी राहिली, हात सरळ ठेवून. ऊन चढलं. कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, कुणीतरी कैरी फोडली. फाटकातून येणारी माणसं कमी होत होत थांबली.

निता दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. दुसऱ्या वेळी ती परत वळली तेव्हा तिच्या मागूनच अनुसयाबाई आत आल्या.

म्हातारी उंच होती. आरशांची जुनी कांचोळी, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून लांब पदर, काखेत आंब्यांची पिशवी. अंगणातल्या माणसांकडे तिने पाहिलंच नाही. नजर फिरवत फिरवत ती पायरीजवळच्या लाल रिबिनींवर आली, पिशवी होती तिथेच खाली ठेवली, आणि हात पसरून, टाहो फोडून रडतच ती नातीकडे निघाली.

सगळं अंगण जागच्या जागी थांबलं. डब्यातला घास डब्यात राहिला.

अनुसयाबाईंनी शितलच्या गळ्यात हात टाकले, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, पदर दोघींच्या डोक्यांवरून ओढला आणि रडणं सुरात लागलं. उंच चढणारा, मग कापत कापत खाली येणारा तो सूर.

"अरे देवा," योगेश सर धावत आले. "कोण गेलं? ए, पाणी आणा कुणीतरी. ड्रायव्हरला सांगा, जीप काढून ठेव. पोरीला घरी न्यावं लागेल." सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. दोन-तीन बायांनी डोळ्यांना पदर लावला. एकीने हात जोडून प्रार्थना सुरू केली.

कुणी गेलं नव्हतं. निताला शब्द न् शब्द कळत होता.

तू गेलीस गं माझे बाई, असं म्हातारी रडत सांगत होती, तू गेलीस आणि अंगण सुनं पडलं. तुझी सायकल भिंतीला टेकून उभी आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. तुझी शेळी व्याली गं, दोन पिल्लं झाली, एक काळं, एक कपाळावर चांदणीचं. त्यांना नाव नाही ठेवलं, तू येऊन ठेव गं माझे बाई.

तांड्यातल्या जुन्या बाया ताटातुटीनंतर भेटल्या की आधी बोलत नाहीत. आधी गळ्यात पडतात आणि सुरात रडतात. पीकपाणी, लग्न, बाळंतपण, कुणाचं बरं, कुणाचं वाईट, सगळ्या बातम्या त्या रडण्यातच सांगायच्या. एकीची ओळ संपली की दुसरीने उचलायची. तिने उचलली की भेट झाली. मग डोळे पुसायचे आणि हसत चहा प्यायचा. दुसरीने उचललीच नाही, असं निताने लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. तसं करणं म्हणजे समोरचीला तोंडावर सांगणं, की तू माझी कुणी नव्हेस.

"साळवे मॅडम, काही कळतंय का त्या काय म्हणतायत ते?" योगेश सरांनी विचारलं.

"नाही, सर," निता म्हणाली.

ते इतक्या सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

अनुसयाबाईंची ओळ संपली. आता शितलने उचलायची होती. पदर थोडा सरकला होता आणि त्याखाली शितल दिसत होती. हात अंगाला चिकटवून सरळ. मान ताठ. दादीच्या खांद्यावरून ती थेट निताकडे बघत होती. डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. पाठांतर म्हणून दाखवताना ती मधेच थांबून बघायची तसं बघत होती. बराबर करून राहिले ना, ताई?

निताने ते सरळ हात पाहिले. हे आपण शिकवलं. हात सरळ, आवाज हळू, बाकीच्या करतात तसं.

म्हातारीने तीच ओळ पुन्हा घेतली, जरा उंच, पोरीला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून. शेळीचं, दोन पिल्लांचं, चांदणीचं. ओळ संपली आणि अंगणात नुसती जीपची घरघर राहिली. तिसऱ्यांदा तिने अर्धीच घेतली. मग सूर सोडून दिला, हात काढून घेतले आणि पदर नीट डोक्यावर घेतला.

"बरी हायस ना?" तिने मराठीत विचारलं.

"हो," शितल म्हणाली. "नमस्कार. बसा ना सावलीत."

अनुसयाबाईंनी नातीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रिबिनी पाहिल्या, ड्रेस पाहिला. "चांगली दिसतीस," त्या म्हणाल्या. मग आजूबाजूला तोंडाला पदर लावून उभ्या असलेल्या माणसांकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि ओशाळल्या. "न्हाई, बसत न्हाई. गाडी हाय माझी. आंबे वाटून खा सगळ्या." पिशवी जिथे होती तिथेच ठेवून त्या फाटकाकडे वळल्या. आल्या होत्या त्याच्या निम्म्यानेही भरभर चालत नव्हत्या.

शितल अजूनही निताकडेच बघत होती. आता काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

निताने पायातली चप्पल कधी काढली ते तिला पुढे आठवलं नाही. ती अंगणातून धावली. चालली नाही, धावली, योगेश सरांच्या हातातल्या पेल्याला तिचा धक्का लागून पाणी सांडलं. फाटकाच्या अलीकडे तिने म्हातारीला गाठलं आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"काय वो मॅडम? काय चुकलं का माझं?" अनुसयाबाई म्हणाल्या.

निताने तिच्या गळ्यात हात टाकले. उजवा खांद्यावरून, डावा काखेखालून. हात कुठे ठेवायचे ते डोक्याला आठवत नव्हतं, पण हातांना माहीत होतं. हनुवटी बरोबर खांद्यावर जाऊन टेकली. म्हातारी क्षणभर दचकून तशीच राहिली. मग तिला ते हात कळले. मॅडमसारखे नव्हते ते. तिने पदर उचलला आणि निताच्या डोक्यावर टाकला.

आत अंधार होता, उकाडा होता, धुराचा आणि आंब्यांचा वास होता. निताला हुंदका आला. तिने तोंड उघडलं, पण सूर काही येईना. नुसता वारा येत होता. इतकी गाणी ती दरवर्षी पोरींकडून बसवून घ्यायची, आणि आता एक ओळ तिला उचलता येत नव्हती.

"कुणाची गं तू, माझे याडी," म्हातारीनेच सूर धरला, अगदी हळू, तिच्यापुरता. याडी म्हणजे आई. तांड्यात पोरीबाळींनाही लाडाने तशीच हाक मारतात. "कोणत्या तांड्याची, कुणाच्या घरची, इथे एकटी कशी गं?"

"थावराची," निता म्हणाली. सुरात नाही, साध्या बोलण्यात, आणि तेही तुटक. "कनेरगाव नाक्याकडची. थावराची लेक."

बापाचं नाव तिने कितीतरी वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं. त्यापुढे तिला काही बोलता आलं नाही. ओळ तिथेच लोंबकळत राहिली. म्हातारीचे हात तिच्या पाठीवर वाट बघत होते आणि निताला वाटलं, आता हीसुद्धा हात काढून घेईल.

मागून पावलं वाजली. चालणारी नव्हती ती, धावत येणारी होती. पदराची कड उचलली गेली, उजेडाची एक पट्टी आत आली आणि तिच्यामागोमाग लाल रिबिनी. एक बारीक हात दादीच्या गळ्यात पडला, एक निताच्या. आणि शितलने ओळ उचलली.

पहिल्यांदा आवाज चिरकला. मग लागला, मोकळा, या बांधावरून त्या बांधाला जाईल असा. थावराची लेक गं ही दादी, शितल रडत सांगत होती, माझं पोट दुखलं तर हिने न सांगता ओवा दिला. माझे केस बांधले. हिला कुणी न्यायला येत नाही गं दादी, हिची भेट कुणी घेतली नाही. माझी शेळी व्याली, मी नाव ठेवीन, एकाचं मी ठेवीन, एकाचं ही ठेवील.

म्हातारीने पुढची ओळ घेतली. तिच्या मागून शितलने. तिसऱ्या वेळी त्या दोघींच्या आवाजाखाली आणखी एक आवाज ऐकू येत होता, घोगरा, सुराला जेमतेम धरून चाललेला. निताला तो आपलाच आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

अंगणात कुणाला काय करावं ते सुचत नव्हतं. योगेश सर रिकामा पेला हातात धरून उभे होते. ड्रायव्हरने जीप बंद केली. शेवटी पुनम पुढे झाली आणि पदराजवळ जाऊन घाबरत घाबरत तिने हाक मारली.

"शितल, ए शितल. कोण वारलं गं?"

पदर वर झाला. शितलचं तोंड बाहेर आलं, पावडर सगळी ओघळलेली, नाक लाल.

"वारलं न्हाई कुणी. शेळी व्याली आमची. दोन पिल्लं झाली."

मुलांच्या बाजूने कुणीतरी फिसकन हसलं. शितलने तिकडे बघितलं नाही. निताकडेही बघितलं नाही.

"मग तुमी रडून काहून राहिल्या?" पुनमने विचारलं.

"भेटून राहिलो आमी," शितल म्हणाली. "थांब जरा, ताईचं व्हायचंय अजून." आणि तिने पदर पुन्हा खाली ओढून घेतला.